रुग्णाच्या खुर्चीत ताई

सोमवार, ३

झालं! मंजूर झालं! हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी आज परवानगी दिली. खाली उतरताना मी दोनदा रेलिंगला धडकले आणि फार्मसीतल्या माणसाला सकाळी अकरा वाजता 'गुड नाईट' म्हणाले.

"एक तुकडी घेऊन दाखवा, सिस्टर," साहेब म्हणाले. "शेवटच्या दिवशी मी स्वतः येऊन बसतो. पटलं तर सगळ्या हॉस्पिटलला लावू. नाही पटलं, तर तुमचा हा मरणाचा क्लास बंद."

मरणाचा क्लास म्हणे! किती वेळा सांगितलं असेल यांना. अहो, हा जगण्याचाच क्लास आहे. माणूस शुद्धीवर आहे, चहाला नावं ठेवतोय, सुनेवर चिडतोय, तोवरच त्याच्याशी बोलून घ्यायचं. आजार वाढला तर तुम्हाला काय हवं, काय नको? आणि उद्या तुम्हाला बोलता आलं नाही, तर तुमच्या वतीने कोण बोलेल? एवढंच तर विचारायचं असतं. पण आमच्या डॉक्टरांना हे विचारा म्हटलं की तोंडचं पाणी पळतं. मग वेळ निघून जाते आणि आयसीयूच्या दाराशी मुलं एकमेकांवर ओरडत उभी राहतात. बाबांना काय हवं होतं ते कुणालाच ठाऊक नसतं. मी नर्सिंगमध्ये आयुष्य घालवलं, ते दार किती वेळा पाहिलं.

घरी येऊन ताईला सांगितलं. ती खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होती. हल्ली रात्री झोपतेही तिथेच, पलंगावर पाठ धरते म्हणते. "शाबास, चिमणे," म्हणाली. माझी पन्नाशी उलटली तरी मी चिमणीच. मग म्हणाली, "मलाही तुझ्याशी जरा बोलायचंय." मी म्हटलं, जेवताना बोलू. जेवताना मीच बोलत राहिले. काय करू, उत्साह मावेना.

गुरुवार, ६

अडचण आली आणि सुटलीसुद्धा.

नुसती भाषणं देऊन कुणी बोलायला शिकत नाही. समोर रुग्ण हवा. खोटा, पण खऱ्यासारखा. हॉस्पिटलमधल्या कुणाला बसवलं तर सगळे खिदळत बसणार. कोण, कोण, करत घरी आले, तर खुर्चीत बसलेली ताई दिसली आणि डोक्यात दिवाच लागला! सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरमागे गेली तिची. तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिलेली, जीभ धारदार, कुणाच्या बापाला भीत नाही. मी लग्न मोडून परत आले तेव्हा दारातून विचारपूस करायला आलेल्या शेजाऱ्यांना तिने ज्या शब्दांत परत पाठवलं, ते अजून त्या जिन्यात घुमत असतील.

मला वाटलं, आढेवेढे घेईल. एरवी भाजी आणायला सांगितली तरी तास घेते. पण लगेच म्हणाली, "येते. मला काय विचारणार ते?"

मी कार्ड दिलं. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड असतं: वय, आजार, घरी कोण कोण, मनात काय. तिच्या कार्डावर किडनीचा आजार आणि एक मुलगा. वाचून म्हणाली, "किडनीचं मला जमायचं नाही. हृदयाचं दे."

"हृदयाचं तुला काय माहीत?"

"पंप कमजोर झाला की आडवं झोपवत नाही, जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात. बरोबर?"

मी बघतच राहिले! म्हटलं, कुठून शिकलीस? "वाचते मी," म्हणाली. माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरी इतका अभ्यास करत नाहीत. कार्ड बदलून दिलं.

रविवार, ९

दुपारभर तालीम. ताईने मला हैराण केलं. मी डॉक्टर होऊन विचारायची आणि ती उत्तर द्यायच्या आधी म्हणायची, "फार भरभर बोलतेस. माझं उत्तर तुला आधीच ठाऊक असल्यासारखं." मी म्हटलं, मी शिकवणारी आहे, मला कसला सराव हवा, सराव तुझा चाललाय!

संध्याकाळी तिच्यासाठी नवीन चपला घ्यायला गेलो. जुन्या घट्ट होताहेत, पट्ट्यांचे वळ उठतात पायावर. एक माप मोठ्या घेतल्या. परत येताना प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्या बघत होती. या वयात तिला झाडांचं वेड लागलंय. बरं आहे, मन रमतं.

बुधवार, १२

पहिला दिवस! अहाहा!

आठ जण आहेत, चार डॉक्टर आणि चार नर्सेस. भिंतीला टेकून गोल बसले होते, सगळ्यांचे चेहरे इंजेक्शनच्या रांगेतल्यासारखे. मधोमध दोन खुर्च्या. एकीत ताई, मांडीवर पर्स, काउंटर उघडायची वाट बघत असल्यासारखी.

पहिला गेला तो तरुण डॉक्टर. त्याचं नाव मी मनातल्या मनात 'घड्याळ' ठेवलंय, कारण तो माणसाकडे बघतो त्याच्या दुप्पट मनगटाकडे बघतो. बसला, पेन काढलं आणि थेट म्हणाला, "आजी, पुढे त्रास वाढला तर व्हेंटिलेटर पाहिजे की नको?"

हॉटेलात पार्सल की इथेच, विचारतात ना, अगदी तसं!

ताई शांतपणे म्हणाली, "थांबा हं. जरा मेनू बघते."

खोली हसून हसून कोसळली. घड्याळाचे कान लाल झाले. मी त्याला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोरच सांगितलं: आधी विचारायचं, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय माहीत आहे? मग, तुमच्यासाठी महत्त्वाचं काय आहे? आणि विचारलं की तोंड बंद. अगदी बंद! शांतता झाली की आपल्याला खाज सुटते, काहीतरी बोलावंसं वाटतं, पाणी आणावंसं वाटतं, फाइल चाळावीशी वाटते. तिथेच बसून राहायचं. समोरच्याला मनातलं वर आणायला वेळ लागतो.

हे मी इतकं छान बोलले की एका नर्सने टिपून घेतलं. खरंच, आज मी फॉर्मात होते.

गुरुवार, १३

घड्याळाने आज घड्याळ काढून खिशात ठेवलं! कुणी सांगितलंही नव्हतं. ताईसमोर बसला, प्रश्न विचारला आणि गप्प झाला. ती त्याच्याकडे बघत राहिली, तो तिच्याकडे. मला वाटलं, आता हा बोलेल, आता फुटेल. नाही बोलला. मग ताईच म्हणाली, "मरायची भीती नाही वाटत मला, डॉक्टर. नळ्यांनी बांधलेलं पडून राहायची वाटते."

कार्डात असं वाक्य नाही. कसली नटी आहे ही!

सोमवार, १७

आजचा दिवस सोन्याचा. सगळं सविस्तर लिहून ठेवते.

घड्याळाचीच पाळी होती. त्याने विचारलं, "तुम्हाला बोलता आलं नाही, तर तुमच्या वतीने कोण बोलेल?"

कार्डाप्रमाणे ताईने 'मुलगा' म्हणायचं होतं. ती म्हणाली, "धाकटी बहीण."

मी मागे उभी, मनात टाळ्याच वाजवल्या. मुलगा ठरलेला असतो. बहीण म्हटल्यावर डॉक्टरला विचार करावा लागतो.

"ती तुमचं म्हणणं सांगू शकेल?"

"तीच तर पंचाईत आहे. आमच्या आईच्या वेळी तिने शेवटपर्यंत काहीसुद्धा बंद करू दिलं नाही. आईचे हात बांधून ठेवले होते, नळी काढू नये म्हणून. जीव होता हो तिचा आईवर. माझ्यावर त्याहून जास्त आहे. म्हणून तर धास्ती वाटते."

आईचं सगळ्यांसमोर काढलं ते मला जरा लागलं. घरातलं आहे ते. पण दोन नर्सेसच्या डोळ्यांत पाणी. शिकवायच्या दृष्टीने याहून चांगलं काय मिळणार?

मग घड्याळाने विचारलं, "तुम्ही हे बहिणीशी बोललात?"

"बोलायला बसले की ती चहा टाकायला उठते."

हशा! सगळ्यात मोठ्याने मीच हसले. अशा बहिणी मी वॉर्डात रोज बघते.

घड्याळ मात्र हसला नाही. पुढे वाकून त्याने ताईला हळूच काहीतरी विचारलं, तिने मान हलवली. काय ते मला मागे ऐकू आलं नाही. नंतर ताईला विचारलं तर म्हणाली, "पोरगा चांगला तयार झालाय." झालाच आहे! कुणी तयार केला?

बुधवार, १९

बहिणीची गोष्ट मी सगळ्या कार्डांवर घातली. पुढच्या तुकड्यांनाही हीच द्यायची. ताईला वाचून दाखवली, काही चुकलंय का विचारलं. म्हणाली, "अगदी बरोबर लिहिलंयस. शब्द न् शब्द." आणि डोळे मिटून पडून राहिली. दमते आहे बिचारी. मी म्हटलं, शुक्रवारचा दिवस काढ, मग आराम कर हवा तेवढा. म्हणाली, "शुक्रवारपर्यंत पुरेन." मी म्हटलं, पुरे आता, घरी तरी नाटक नको!

दुपारी कॉरिडॉरमध्ये घड्याळ भेटला. बराच वेळ घुटमळला. मग म्हणाला, "सिस्टर, शुक्रवारी साहेबांसमोर डॉक्टर तुम्ही व्हा. तुमच्या ताईंसमोर तुम्ही बसा."

"मी? अरे, तुम्हाला काय आलं ते दाखवायचंय."

"तुम्ही शिकवता, तर एकदा तुम्ही करून दाखवा ना." आणि मग अगदी अजीजीने, "प्लीज."

कल्पना झकास आहे. गुरूने स्वतः मैदानात उतरायचं! साहेब गार होतील. मी लगेच हो म्हटलं. हा एवढा गंभीर का झाला होता कोण जाणे. माझीच लाज राखायची काळजी असेल.

शुक्रवार, २१

मंजुरी मिळाली. सगळ्या हॉस्पिटलला.

आज एवढंच. पुढचं लिहवत नाही.

शनिवार, २२

लिहिते. नाही लिहिलं तर वेड लागेल.

साहेब पहिल्या रांगेत बसले होते, हाताची घडी घालून. आठही जण मागे. मी कडक इस्त्रीची साडी नेसले होते. ताईसमोर बसले, हसले आणि विचारलं, "तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय माहीत आहे?"

ताई म्हणाली, "तुला माहीत नाही, तेवढं माहीत आहे."

'तू' म्हणाली. मी डोळ्यांनी खुणावलं, 'तुम्ही' म्हण. तिने लक्षच दिलं नाही. "सहा महिने झाले. पोस्टाच्या दवाखान्यातून मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. पंप निम्म्याहून कमी चालतो म्हणाले. गोळ्या डाळीच्या डब्यामागे ठेवते, तू डाळ कधी करत नाहीस. चिमणे, मी कार्डातलं बोलत नाहीये."

सगळं एकदम समोर आलं. आरामखुर्ची. कुंड्या. एक माप मोठ्या चपला! पाय सुजलेल्या माणसाची नडगी दाबून बघायला मी दर वर्षी नव्या पोरींना शिकवते, आणि त्या चपला मीच घासाघीस करून आणल्या.

मग मी काय केलं? जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते सगळं, ओळीने. म्हटलं, "अगं, काही होत नाही तुला." म्हटलं, "हल्ली इतकी औषधं आहेत." म्हटलं, "उद्याच दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू." ती तोंड उघडत होती आणि मी बोलत होते. शेवटी म्हटलं, "थांब, तुला पाणी आणते," आणि उठले.

दारात घड्याळ येऊन उभा होता. म्हणाला, "पाणी मी आणतो, सिस्टर. तुम्ही बसा."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर थोबाडीत दिली असती. मी बसले. तोंड बंद ठेवलं. आयुष्यात इतकं अवघड काम केलं नाही. मग विचारलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "ताई, तुला काय हवंय?"

ती सावकाश बोलली. धाप लागत होती, मध्ये थांबत होती. बरं होण्यासारखं असेल तोवर सगळं करा. पण परत फिरायची वाट संपली असं डॉक्टर म्हणाले, तर मशीन लावायचं नाही. तिला घरी राहायचंय, तिच्या खिडकीशी. "आणि माझ्या वतीने तूच बोलायचंस. दुसरं कुणी मला नको. तुला रडू येईल, येऊ दे. पण माझंच म्हणणं सांग, तुझं नको."

मी रडले. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर, नाक पुसायलाही भान नव्हतं.

शेवटी साहेब उठले, दोघींचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "काय अभिनय! सिस्टर, तुम्ही नाटकात होता का?"

ताईने माझ्याआधी उत्तर दिलं, "ही नव्हती. हिला अजिबात जमत नाही."

रविवार, २३

भांडले. कडाकडा भांडले तिच्याशी. सहा महिने! एका घरात राहून! आणि परक्या पोराला सांगितलंस, मला नाही?

"त्याने विचारलं," ताई म्हणाली.

एवढंच.

सोमवारी त्याने पुढे वाकून काय विचारलं, तेही मग सांगितलं तिने. विचारलं होतं, "हे तुमचं स्वतःचं आहे ना?" आणि मग, "मी तुमच्या बहिणीला सांगू का?" ती म्हणाली होती, नको, समोर बसवून द्या फक्त, सांगायचं मी बघते.

संध्याकाळपर्यंत मी फणफणत होते. मग तिचे पाय मांडीवर घेतले. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. तशीच बसले. तिने आईबद्दल बोलायला सुरुवात केली आणि मी उठले नाही. दोघी खूप बोललो, मध्येच हसलो पण. आईच्या शेवटाबद्दल इतक्या वर्षांत आम्ही कधीच बोललो नव्हतो. आश्चर्य म्हणजे, मला हलकं हलकं वाटतंय. इतकी घाबरले आहे, आणि तरी हलकं वाटतंय. हे कसं काय, ते पुढच्या वर्गात विचारायला हवं कुणाला तरी.

मंगळवार, २५

पुढच्या तुकडीला चाळीस नावं! चाळीस! साहेब स्वतः नाव घालू का विचारत होते. पहिल्या रांगेत बसवते त्यांना, आणि ताईला सांगते, सोडू नकोस.

ताई म्हणते, ती येणार. मी म्हटलं, तू आराम कर. म्हणाली, "चिमणे, परत?" मी जीभ चावली आणि विचारलं, "तुला यायचंय का?" म्हणाली, "यायचंय. हात असलेली खुर्ची दे, आणि खोली तळमजल्यावर घे." तळमजल्यावरची खोली मिळवली. चादरी-कपडे ठेवायची आहे, पण मिळवली.

शुक्रवार, २८

ताईबरोबर तिच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. पहिल्यांदाच.

मी नर्स आहे कळल्यावर डॉक्टर खूश. खुर्ची माझ्याकडे वळवली आणि सुरू झाले, "सिस्टर, तुम्हाला समजेलच." दोन गोष्टी आहेत म्हणाले. एक नवीन गोळी, अंगातलं साठलेलं पाणी कमी करते, धाप कमी होईल, चालणं सुधारेल. दुसरं, छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवायचं. हृदय थांबायला लागलं की ते झटका देऊन परत सुरू करतं. "पुढच्याच आठवड्यात बसवून टाकू, काय?"

माझ्या तोंडात 'हो' येऊन थांबलं होतं. झटका देऊन परत सुरू! मला ते यंत्र हवं होतं. आत्ता, या क्षणी, दोन असतील तर दोन!

म्हटलं, "डॉक्टर, मला नका सांगू. तिच्याकडे बघून बोला."

त्यांनी खुर्ची फिरवली. ताईने काउंटरवरून विचारावेत तसे प्रश्न विचारले. झटका बसला की दुखतं का? छातीत घोडा लाथ मारतो तसं, म्हणाले. शेवट आला तरी देत राहतं का? ते बंद करता येतं, पण कुणीतरी तसं सांगावं लागतं, म्हणाले. मग ती गप्प बसली. डॉक्टर पेन हलवायला लागले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की पेन खाली ठेवलं.

"गोळी घेते," ताई म्हणाली. "घेते म्हणजे काय, आजपासूनच द्या. मला कुठे जायची घाई आहे? चाळीस जण वाट बघताहेत माझी. यंत्र नको. हृदय आपणहून थांबलं, तर थांबू दे."

डॉक्टरांनी मान हलवली आणि परत माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्ही समजावा त्यांना. तुमचं ऐकतील."

ऐकलं असतं तिने. ते मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. मी दोन अश्रू काढले असते, चार आकडे सांगितले असते, तर ताई माझ्यासाठी हो म्हणाली असती. डोळे भरून आले, समोरचे डॉक्टर धूसर दिसायला लागले.

"ती नको म्हणाली, डॉक्टर," मी म्हटलं.

ताईने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला आणि डॉक्टरांना म्हणाली, "हं, आता गोळीचं सांगा. जेवणाआधी की नंतर?"